दुसरीतून पहिलीत

माय, तुझा तो चुकीचा पेला अजून माझ्या पिठाच्या डब्यात आहे. रोज सकाळी त्यानंच पीठ काढते. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मी तुला पत्र लिहायला बसले, म्हणजे काहीतरी घडलंय हे तू ओळखलंच असशील. तुला वाचता येत नव्हतं. गावाकडून, कारखान्यावरून, कुणाचंही पत्र आलं की मी मोठ्यानं वाचायचे आणि तू भाकरी थापता थापता ऐकायचीस. मध्येच हात थांबला की मला कळायचं, हे वाक्य पुन्हा वाचायचंय. तीच सवय राहिली बघ. आताही लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतेय. मघाशी शेजारच्या बाई खिडकीतून विचारून गेल्या, मॅडम, पाहुणे आलेत का? मी हो म्हणाले.

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, ते तुला बघायला मिळालं नाही. निरोपाच्या कार्यक्रमात केंद्रप्रमुखांनी माईकवरून माझं नाव पुकारलं आणि मी, मंडपात सगळ्यात पुढं बसलेली, उठायच्या आधी मागं वळून बघितलं. सगळे हसले. ही माझी खोड सगळ्यांना माहीत होती. बीडला डी.एड.ला होते तेव्हापासून मैत्रिणी चिडवायच्या, नाव तुझं घेतात आणि बघतेस मागं, मागं कोण आहे गं तुझ्या? मीही हसायचे. त्या दिवशीही हसले. आणि लोक म्हणाले, मॅडम अठ्ठावन्नच्या वाटत नाहीत, पंचावन्नच्याही वाटत नाहीत. मला काय, बरंच वाटलं. आपल्या घरात कुणाचे केस लवकर पिकत नाहीत, असं मी सांगितलं त्यांना.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तू म्हणशील, मास्तरीण झाली आणि बोलणं लांबलं. तुझ्या पोराची पोरगी, तुझी नात, नर्सिंगला लागतेय. हुशार आहे, बोलायला फटकळ आहे, माझ्यावर गेलीय. तिच्या जात पडताळणीला आजोबांचा शाळेचा जुना पुरावा पाहिजे आणि घराण्याची वंशावळ शपथेवर लिहून पाहिजे. बा दोन वर्षं शाळेत गेला होता हे मला तूच सांगितलेलं. तेव्हा मी म्हटलं, चल, मी येते, रजिस्टर बघणं हे माझं रोजचं काम होतं. खरंच होतं. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या शाळेत किती लोक आले असतील, मॅडम, आमच्या आज्याचं नाव बघा, पणज्याचं बघा. मी जाडजूड रजिस्टर उघडायचे, पानं सुटू नयेत म्हणून खाली फूटपट्टी धरायचे आणि ओळीवरून बोट न्यायचे. नाव सापडलं की समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, माय. ज्याला कधी बघितलं नाही असा म्हातारा सहा वर्षांचा होऊन समोर बसलेला असतो. मी माझ्या शिक्षकांना सांगायचे, बाकी काहीही चुको, दाखल-खारिजचं रजिस्टर चुकता कामा नये, ते खोटं बोलत नाही. काय तोरा होता बघ माझा.

आपल्या गावची शाळा आता ओळखू येत नाही. शिरूरहून एसटी अजून त्याच फाट्याला सोडते, पण पुढं डांबरी रस्ता आहे. तू दुष्काळात ज्याची खडी फोडलीस तोच. शाळेला नव्या खोल्या, रंगवलेल्या भिंती. पोरं निम्मीच होती, कारण दिवाळी झाली होती आणि निम्मं गाव कारखान्यांवर गेलं होतं. ते मात्र बदललेलं नाही. मुख्याध्यापक म्हणजे एक तरुण पोरगा, कधीकाळी माझ्या हाताखाली काम केलेला. खुर्ची सोडून उभा राहिला, चहा मागवला, आणि जुनी पत्र्याची पेटी स्वतः ओढत आणली. बाचं नाव निजामाच्या वेळच्या उर्दू रजिस्टरात होतं. गावातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी वाचून दाखवलं. बाचं नाव, आज्याचं नाव, जात, गाव, सगळं. दहा मिनिटांत काम झालं. तुझ्या नातीनं मोबाइलवर फोटो काढला आणि भावाला पाठवला. मग तो तरुण मुख्याध्यापक कौतुकानं म्हणाला, बाई, आता आलाच आहात तर तुमचंही नाव बघू की.

मीही हौशीनं पुढं सरकले. नाव सापडलं. नावापुढं बा, गाव, जन्मतारीख, सगळं माझ्या दाखल्यावर आहे तसंच. शाई जराशी उडालेली, पण गुरुजींचं अक्षर लख्ख. आपले तेच उंच, वाकून चालणारे गुरुजी, धोतराचा सोगा खिशात खोचणारे. पेटीत हजेरीपत्रकांचे गठ्ठेही होते. इतकी वर्षं ती कुणी ठेवत नाही, पण या पेटीची किल्ली म्हणे बरीच वर्षं हरवलेली होती, म्हणून वाचली. मुख्याध्यापकानं पानं चाळली, आणि हसायला लागला. म्हणाला, "बाई, तुमी दुसरीतून पहिलीत आलात की."

मीही हसले. मी पहिलीला नापास झालेली आहे हे घरात सगळ्यांना पाठ आहे. माझ्याच शाळेतल्या नापास पोरांना मी ते सांगत आले, बघा, मीही झाले होते, तरी इथवर आले. पण नापास झालेलं पोर त्याच वर्गात राहतं, माय. दुसरीत बसलेलं पोर पुढच्या जूनला पहिलीत येत नाही. एवढ्या वर्षांत मी अशी नोंद कुठल्याच शाळेत बघितली नव्हती. म्हणून मी चष्मा पुसला आणि हजेरी हातात घेतली.

पहिल्या वर्षाच्या हजेरीत ती मुलगी रोज शाळेत आली होती. पावसाळ्यात आली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली, दिवाळीनंतर गाव रिकामं झालं तेव्हाही आली. वर्षाच्या शेवटी गुरुजींनी तिच्या नावापुढं लिहिलं होतं, वाचन उत्तम. दुसरीत दिवाळीपर्यंत हजर. त्यापुढं आडवी रेघ आणि रेघेवर बारीक अक्षरात, पालकांसोबत कारखान्यावर. रेघ उन्हाळ्यापर्यंत गेलेली. मग नवा जून, नवं पत्रक, तेच नाव, इयत्ता पहिली. हा जून मला आठवतो. हा माझा शाळेचा पहिला दिवस. बहात्तरच्या दुष्काळातनं लोक नुकते उठत होते, शाळेच्या ओसरीवर सुकडीची पोती होती, त्या गोड भरड पिठाचा वास वर्गात येत होता. मग त्याच्या आधीची दोन वर्षं माझ्या नावानं हजर कोण होतं? मला तिसरीपर्यंत जोडाक्षर वाचता येत नव्हतं. वाचन उत्तम कुणाचं होतं?

तुझी नात म्हणाली, आत्या, पाणी देऊ का? मी म्हणाले, नको, चल, नांदूरघाटला जायचंय.

नांदूरघाटला मावशी तिच्या थोरल्या पोराकडं असते. तुझ्या पाठची ती, आता ऐंशीच्या घरात, कान तिखट, डोळे गेलेले. चुलीवरच भाकरी खाते, गॅसवरची तिला सोसत नाही म्हणे. मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि सरळ विचारलं, मावशे, माझ्या आधी कोण होतं? तिनं सून बाहेर जाईपर्यंत वाट बघितली. मग म्हणाली, "इतकी सायेब झालीस, कागदं वाचतीस, आन आत्ता इचारतीस व्हय?"

होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मावशीनं जे सांगितलं ते मी तुला काय सांगायचं, ते तूच भोगलंयस. पण तू मला कधी सांगितलं नाहीस, म्हणून मीच सांगते, एकदा तरी आपल्या दोघींमध्ये हे बोललं जाऊ दे. पहिल्या वर्षी तू आणि बा मला काखेत मारून ऊसतोडीला गेलात आणि तिला मावशीकडं ठेवलं, शाळा बुडू नये म्हणून. तेव्हा मावशी आपल्याच गावात, दोन घरं सोडून राहायची. पुढच्या साली पाऊस आला नाही. आडात पाणी नाही, कणगीत दाणा नाही. मावशी तुला म्हणाली, अक्का, औंदा माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. आणि मी पळती झाले होते, उसाच्या फडात सुटले तर कोयत्याखाली यायची भीती. म्हणून तू तिला शाळेतून काढलंस आणि बरोबर नेलंस. बारकीला सांभाळायला. मावशीनं चाचपत भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मी ठिवून घ्येतली आसती तर." भाकरी तव्यावर करपली. मी उलटली.

कारखाना सहकारी होता, पश्चिमेकडचा, हिरवागार मुलूख. पाचटाच्या कोप्यांची रांग कालव्याच्या काठाला. तिला ताप आला, मग हगवण लागली. बा मुकादमाकडं गेला, मुकादम म्हणाला, गाडी खाली करून ये, मग बघू. कारखान्याचा दवाखाना होता, तिथं बसलेल्या माणसानं विचारलं, कुणा सभासदाची पोरगी? सहकार म्हणजे सगळ्यांचं, असं मी चाळीस वर्षं नागरिकशास्त्रात शिकवत आले. तिसऱ्या दिवशी ती गेली. कालव्याच्या काठाला, बाभळीखाली पुरली. दुसऱ्या दिवशी तुम्ही फडात गेलात, कारण टोळी थांबत नाही. मला कोपीच्या खांबाला दोरीनं बांधून गेलात. त्या दोरीचा वण माझ्या पायाला आहे. तू सांगायचीस, पडली होतीस तू, वखरावर. वखराचा वण असा गोल पडत नाही हे मला कधीच कळायला हवं होतं.

तुम्ही परत आलात, तू खडी फोडायला लागलीस. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तू मला घेऊन शाळेत गेलीस, माझं नाव घालायला. मावशी बरोबर होती, दोघींच्या डोक्यावर खडी वाहायच्या पाट्या, तिथून कामावर जायचं होतं. गुरुजी हजेरी घेत होते. कारखान्यावर गेलेल्या पोरांची नावं ते कधी कमी करत नसत. परत येतील म्हणून तशीच ठेवत. पुकारता पुकारता त्यांनी तिचं नाव घेतलं. कुणी बोललं नाही. त्यांनी मान वर केली, दाराशी तुला बघितलं आणि विचारलं, पोरगी कुठाय? तू डोक्यावरची पाटी सावरलीस. मग माझ्या पाठीत हात घातलास आणि मला पुढं ढकललंस. "ही काय," म्हणालीस. "हजर म्हण की."

मावशी सांगते, गुरुजी उठले. माझ्याजवळ आले, माझं तोंड वर करून बघितलं, मग तुझ्याकडं बघितलं. दोन वर्षं ज्या पोरीला शिकवलं ती ते ओळखणार नाहीत का? त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मला म्हणाले, पुढं बस, पाटी आणलीस का? पाटी होती. तिचीच. आणि त्यांनी पहिलीच्या पत्रकात तेच नाव उतरवलं. दाखल-खारिजमध्ये काही खोडलं नाही, काही नवं लिहिलं नाही. गाव पुढं आपल्या माघारी म्हणत राहिलं, असं मावशीच म्हणाली, सुकडीसाठी केलं, नाव चालू असलं की वाटा लगेच मिळतो. मी मावशीला ते विचारलं. ती चिडली. "सुकडी काय, दुसऱ्या नावानंबी मिळाली आसती. तुज्या मायच्या तोंडातून ती मेली हे निघालंच न्हाई बघ. मरंस्तवर निघालं न्हाई."

मग मी विचारलं, मावशे, माझं नाव काय होतं?

तिनं सांगितलं. सहज सांगितलं, जसं काही कालच बारसं झालंय. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, मग तिसऱ्यांदा. ते नाव मी इथं लिहीत नाही. तिचंही लिहीत नाही. तिचं कधी माझं नव्हतं म्हणून आणि हे आता माझं राहिलेलं नाही म्हणून. पण ते मला नवं नव्हतं, माय. कारण ते नाव मी चाळीस वर्षं रोज सकाळी बघत आले होते.

तुला तो दिवस आठवतो का? मला नोकरी लागली होती, वडवणीजवळच्या एका खेड्यात. तू माझी खोली लावून द्यायला आली होतीस. आठवडी बाजाराला आपण दोघी गेलो. तू भांड्यांच्या दुकानाशी थांबलीस आणि मला म्हणालीस, तू पुढं जा, मिरच्या बघ. मी परत आले तर तुझ्या पदराखाली स्टीलचा पेला, नवाकोरा, त्यावर नाव घातलेलं. आपल्या घरात पहिलं नाव घातलेलं भांडं. मी हौसेनं बघितलं आणि नाव भलतंच. मी भर बाजारात तुला बोलले. म्हणाले, तुला वाचता येत नाही म्हणून लोक तुझ्या गळ्यात काहीही मारतात, कुणाचातरी टाकलेला पेला दिलाय तुला, चल, परत करू. माझा आवाज चढला होता, नवी नवी मास्तरीण होते ना मी. बायका बघत होत्या. तू पेला माझ्या हातातून घेतलास, पदरानं पुसलास आणि म्हणालीस, "ऱ्हाऊ दे बारके. कुणाचं का आसंना, पानी तर ऱ्हातंय."

तेव्हापासून आपल्या घरात त्याला चुकीचा पेला म्हणतात. चुकीचा पेला कुठाय, चुकीच्या पेल्यात दूध काढून ठेव. भाच्या-पुतण्यांनाही तेच नाव पाठ. तू घरात असताना, तुझ्यासमोर म्हणायचो आम्ही. तू कधी एक शब्द बोलली नाहीस. माय, त्या भांडेवाल्यानं विचारलं असेल, काय नाव घालू? आणि एकटी सापडल्यावर, एका अनोळखी माणसासमोर, तू ते नाव तोंडानं उच्चारलं असशील. किती वर्षांनी? आणि मी परत आले आणि तुझ्यावर ओरडले.

तू मला कधीच नावानं हाक मारली नाहीस. बारके, बारकुले, नाहीतर नुसतं अगं. लग्नातही भटजींनी विचारलं, मुलीचं नाव, तेव्हा तू मावशीकडं बघितलंस. माझ्या शाळेत आलीस तेव्हा पोरांसमोर बारके म्हणालीस म्हणून मी तुला बाजूला घेऊन झापलं होतं, लोकांत तरी नीट नाव घे माझं. तू हो म्हणालीस आणि त्यानंतर लोकांत मला हाकच मारली नाहीस. मला वाटलं, म्हातारी रुसली.

घरी आले तर तुझा पोरगा घाबरून बसलेला. मावशीनं त्याला फोन केला होता. म्हणाला, अक्का, गप बस. हे बाहेर गेलं तर तुझी नोकरी खोटी ठरंल, पेन्शन बंद होईल, पोरीचं व्हॅलिडिटीचं काम अडकंल. तो चुकीचं काही बोलत नव्हता. मला नियम त्याच्यापेक्षा जास्त माहीत. खरं सांगायचं तर माझा प्रत्येक कागद एका मेलेल्या पोरीचा आहे. आणि न सांगावं तर ती कुठंच मेलेली नाही. कारखान्यानं लिहून ठेवलं नाही, ग्रामपंचायतीत नोंद नाही, गुरुजींनी खोडलं नाही. एवढी दोन वर्षं नीट शाळेत आलेली पोर, आणि तिच्या नावानं कुणी दोन फुलं टाकावीत एवढीही जागा कुठल्या कागदावर नाही. चार दिवस असेच गेले. मी कुणावर चिडत होते ते मला कळत नव्हतं. तुझ्यावर चिडले, हे आता सांगते. खूप चिडले. तुला एका पोरीला मेलेली म्हणता आलं नाही, म्हणून तू दुसरीला जिवंत असताना पुसून टाकलंस, असं मी भिंतीकडं बघून मोठ्यानं म्हणाले.

मग वंशावळ लिहायचा दिवस आला. शिरूरच्या तहसीलबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाकडं आम्ही गेलो. घरातली सगळ्यात मोठी म्हणून शपथपत्र माझं. त्यानं कागदावर झाड आखलं, वर आजा, खाली बा, बाच्या खाली रेघा. किती अपत्यं? तुझा पोरगा पटकन म्हणाला, दोन. मी म्हणाले, तीन. त्यानं माझा हात दाबला. मी सोडवून घेतला. म्हणाले, दोन मुली, एक मुलगा. एक मुलगी मयत, लहानपणी. लिहिणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, मयताचं नाव?

मी माझं सांगितलं. पेल्यावरचं.

दुसरं काय करणार होते? तिचं नाव सांगितलं असतं तर कागदावर मी मेले असते आणि पोरीचं काम अडलं असतं. तिच्या नावावर मी सगळं आयुष्य काढलं, मग माझं नाव तिला मरायला दिलं. हिशेब बरोबर नाही, मला कळतं. पण माझ्याकडं द्यायला तेवढंच होतं, आणि तेही मला हातात येऊन चार दिवस झाले होते. लिहिणाऱ्यानं नाव लिहिलं, पुढं कंसात मयत. खाली मी सही केली, तिच्या नावानं. खोट्या शपथपत्राला काय शिक्षा असते ते माझ्याशिवाय तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. तुझी नात कागद वाचत होती. म्हणाली, आत्या, हे तर चुकीच्या पेल्यावरचं नाव. मी म्हणाले, चुकीचा नाही तो. तिनं विचारलं, ही कोण मग, तुझी बहीण? मी हो म्हणाले. कधी गेली? मी म्हणाले, मी शाळेत जायच्या आधी. हे मात्र दोन्हीकडून खरं आहे.

आता हे पत्र. इतकं लिहिलं, पण धाडणार कुठं, आणि धाडलं तरी तुला वाचता येत नाही. तिथं तुला वाचून दाखवायला तीच असेल. वाचन उत्तम आहे तिचं, एका दमात वाचेल. आणि तेच मला नकोय. पुढचं तिनं वाचायला नको आहे. म्हणून हे पीठ संपलं की डब्याच्या तळाशी घालून ठेवणार आहे, पेल्याखाली.

मावशीला मी सांगितलं, मला काही आठवत नाही. भावालाही तेच सांगितलं. तुलाही मघापासून तसंच भासवत आले. सगळं आठवत नाही हे खरं. तिचा चेहरा येत नाही. तिच्या कमरेवर बसलं की तिची वेणी माझ्या तोंडात यायची, ते आठवतं. आणि तो पहिला दिवस आठवतो. मावशी सांगते, तू पाठीत ढकललंस आणि मी हजर म्हणाले. तसं नाही झालं, माय. मध्ये एक गोष्ट झाली, ती मावशीला दिसली नाही, तुला दिसली, कारण तू लगेच तोंड फिरवलंस. तू ढकललंस, गुरुजींनी पुन्हा नाव पुकारलं, आणि मला माहीत होतं ते नाव कुणाचं आहे. मी आधी मागं वळून बघितलं, ती आली का म्हणून. दारात तू होतीस, मावशी होती, पाट्या होत्या. ती नव्हती. मग मी हजर म्हणाले.